कोणता दाखला पुरला असता?

राजकारणात सगळ्यात सुखाची जागा कोणाची असेल, तर ‘मी काही म्हणत नाही, मी फक्त विचारतोय’ असं म्हणणाऱ्याची. आरोप केला की पुरावा द्यावा लागतो, तो खोटा निघाला की तोंड लपवावं लागतं, प्रसंगी कोर्टाची पायरी चढावी लागते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे यातलं कोणतंच झेंगट नाही. धावपळ उत्तर देणाऱ्याने करायची, आणि त्याने उत्तर आणलं की विचारणारा पुढचा प्रश्न काढायला मोकळा. बराक ओबामा यांचा जन्म नक्की कुठे झाला, यावरून अमेरिकेत २००८ पासून जो धुरळा उडाला तो याच जागेवर बसून उडवलेला होता.

उमेदवाराच्या पात्रतेबद्दल शंका घ्यायचा हक्क लोकशाहीत कोणालाही आहे, अगदी क्षुल्लक शंकेचासुद्धा. पण काय दाखवलं म्हणजे माझं समाधान होईल, हे शंका घेणाऱ्याने आधी सांगायला हवं. ते ज्याला सांगता येत नाही, किंवा सांगून मग जो बदलतो, त्याच्या शंकेला शंका म्हणून मान द्यायचं काही कारण नाही. ओबामांच्या प्रकरणात ही एकच कसोटी सुरुवातीला लावली असती, तर अमेरिकेची आठ वर्षं वाचली असती.

आधी मुळातला नियम पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी तीन अटी आहेत : वय किमान ३५, देशात किमान १४ वर्षांचं वास्तव्य, आणि ‘नॅचरल बॉर्न सिटिझन’, म्हणजे जन्मानेच नागरिक असणं. तिसऱ्या अटीची व्याख्या घटनेत कुठेच नाही. १७८७ साली घटना लिहिली जात असताना मुत्सद्दी जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचवलं होतं, की सेनापतिपद (अमेरिकेत ते राष्ट्राध्यक्षाकडेच असतं) जन्मजात नागरिकालाच मिळेल अशी तजवीज करावी. युरोपातला एखादा राजपुत्र येऊन नव्या देशाच्या डोक्यावर बसेल, ही त्या काळची भीती होती आणि ती अगदीच वेडगळ नव्हती. पण अट घालताना ती तपासायची कोणी, हे लिहायचं राहून गेलं. घटनेने हे काम कोणत्याही एका कार्यालयाकडे दिलेलं नाही. मतपत्रिका राज्यं छापतात, आणि राज्यागणिक नियम वेगळे.

आता ओबामांच्या विरोधकांची बाजू, त्यांनी स्वतः मांडली नसेल इतक्या नीटपणे मांडतो. ओबामांचे वडील केनियाचे, तेव्हा ब्रिटिश प्रजाजन. आई अ‍ॅन डनहॅम अमेरिकन, पण मुलाच्या जन्माच्या वेळी ती अवघी १८ वर्षांची होती. त्या वेळच्या, १९५२च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाला एकट्या आई किंवा वडिलांकडून नागरिकत्व मिळायचं असेल, तर त्या पालकाने अमेरिकेत दहा वर्षं काढलेली असायला हवीत आणि त्यातली किमान पाच वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. अठरा वर्षांच्या मुलीला ही दुसरी अट पुरी करणं गणितानेच अशक्य. म्हणजे ओबामा खरोखर केनियात जन्मले असते, तर केवळ आईच्या जोरावर ते जन्माने नागरिक ठरले नसते. तेव्हा जन्म कुठे झाला हा प्रश्न फिजूल नव्हता, त्यावर बरंच काही अवलंबून होतं. २००८च्या वसंतात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्या ऐन रंगात असताना, कोणी हा प्रश्न विचारला असेल तर त्यात काही गैर नाही. आणि तो आधी विचारला तो रिपब्लिकनांनी नव्हे. ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातल्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या काही कडव्या समर्थकांच्या ईमेलमधून ही कुजबुज फिरत होती. त्या ऑगस्टमध्ये ओबामांविरुद्ध पहिला गाजलेला दावा लावणारे वकील फिलिप बर्ग हेही डेमोक्रॅटच.

उत्तर त्याआधीच, जून २००८ मध्ये आलेलं होतं. ओबामांच्या प्रचारयंत्रणेने हवाई राज्याच्या आरोग्य खात्याचा जन्मदाखला प्रसिद्ध केला : ४ ऑगस्ट १९६१, संध्याकाळचे ७ वाजून २४ मिनिटं, होनोलुलू. हवाई २१ ऑगस्ट १९५९ रोजीच अमेरिकेचं राज्य झालेलं होतं, तेव्हा तिथेही फट नव्हती. दाखल्याच्या स्कॅनमध्ये उठावाचा शिक्का दिसत नाही, अशी ओरड झाली. मग फॅक्टचेक या संस्थेच्या माणसांनी ऑगस्टमध्ये मूळ कागद हातात घेऊन पाहिला, शिक्क्याचे आणि मागच्या सहीचे जवळून फोटो काढले आणि छापले. शिक्का होता. सपाट स्कॅनमध्ये तो उमटला नव्हता, एवढंच.

याहून मला जास्त बोलका वाटतो तो वर्तमानपत्राचा पुरावा. १३ ऑगस्ट १९६१च्या ‘होनोलुलू अ‍ॅडव्हर्टायझर’मध्ये आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘स्टार-बुलेटिन’मध्ये जन्मांच्या यादीत ओबामा दांपत्याला मुलगा झाल्याची एका ओळीची नोंद आहे. या याद्या आरोग्य खात्याकडून वर्तमानपत्रांकडे जात. कोणी फोन करून छापून आणलेली ती जाहिरात नव्हती. आता कट होता असं मानायचं असेल, तर काय काय मानावं लागतं ते पाहा. अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी बाळंतपणासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेली, बाळाला घेऊन काही दिवसांत परत आली, आणि सरकारी खात्याने आणि दोन वर्तमानपत्रांनी खोटी नोंद करून ठेवली. कशासाठी? तर सत्तेचाळीस वर्षांनी हा मुलगा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहील म्हणून. हे १९६१ साली, जेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावर कायद्यानेच बंदी होती. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने मोडली १९६७ मध्ये. दक्षिणेतल्या काळ्या माणसाला मतदान करू देणारा कायदा आला १९६५ मध्ये. त्या काळात मिश्रवर्णीय बाळाला व्हाइट हाउससाठी राखून ठेवणारा कटवाला खरोखर द्रष्टा म्हणायला हवा.

प्रश्न इथे संपायला हवा होता. इथून पुढे जे घडलं तो हलत्या लक्ष्याचा खेळ होता. हा दाखला संगणकातून काढलेला सारांश आहे, रुग्णालयाचं नाव आणि डॉक्टरची सही असलेला लांबलचक मूळ दाखला दाखवा, ही नवी मागणी आली. हवाईच्या आरोग्य संचालक चियोमे फुकिनो यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर केलं, की मूळ नोंद आपल्या खात्यात आहे आणि आपण ती पाहिली आहे. जुलै २००९ मध्ये त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी जन्म हवाईतच झाल्याचंही स्पष्ट म्हटलं. त्या वेळी हवाईच्या गव्हर्नर लिंडा लिंगल होत्या, रिपब्लिकन पक्षाच्या, आणि २००८च्या निवडणुकीत ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांचा प्रचार केलेल्या. ओबामांना वाचवण्यात त्यांचा काय फायदा, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये तर या चळवळीच्या हाती ‘केनियाचा दाखला’च लागला. कॅलिफोर्नियातल्या वकील ऑर्ली टेट्झ यांनी तो कोर्टात दाखल केला. त्यावर तारीख होती फेब्रुवारी १९६४ची आणि डोक्यावर छापलं होतं ‘रिपब्लिक ऑफ केनिया’. केनिया स्वतंत्र झाला डिसेंबर १९६३ मध्ये, आणि प्रजासत्ताक झाला थेट डिसेंबर १९६४ मध्ये. म्हणजे जे प्रजासत्ताक अजून जन्मालाच आलं नव्हतं, त्याने दहा महिने आधी दाखला दिला होता. थोड्याच दिवसांत असंही उघड झालं, की दाखल्याचा साचा ऑस्ट्रेलियातल्या एका खऱ्या जन्मदाखल्यावरून उचललेला होता. जी माणसं हवाईच्या दाखल्यावरचं एकेक अक्षर भिंगाखाली धरत होती, त्यांना हा ढळढळीत गफला दिसला नाही. भिंग एकाच कागदावर का रोखलेलं असतं, हे पाहिलं की शंकेची जात कळते.

२७ एप्रिल २०११ रोजी ओबामांनी शेवटी लांब दाखलाही प्रसिद्ध केला. हवाई राज्य एरवी तो देत नसे. राष्ट्राध्यक्षांनी पत्र लिहून खास परवानगी मागितली आणि त्यांच्या वकील होनोलुलूला जाऊन प्रती घेऊन आल्या. कपिओलानी प्रसूतिगृहाचं नाव, ७ ऑगस्टची आईची सही, ८ ऑगस्टची निबंधकाची नोंद, सगळं त्यावर आहे. असल्या फालतूपणाला आपल्याकडे वेळ नाही, असं त्या सकाळी ओबामा म्हणाले. त्यांचा वैताग मला समजतो. पण तो दिवस वाया गेला, असं जे सर्रास म्हटलं जातं ते आकड्यांना धरून नाही. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत एप्रिलमध्ये २४ टक्के लोकांना ओबामा नक्की किंवा बहुधा दुसऱ्या देशात जन्मले असं वाटत होतं. मे महिन्यात ते १३ टक्क्यांवर आले. नक्की अमेरिकेतच जन्मले म्हणणारे ३८ टक्क्यांवरून ४७ वर गेले. म्हणजे शंका असणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना खरोखरच एक प्रश्न पडला होता. कागद दिसला, प्रश्न मिटला. पुराव्याने कोणाचं मत बदलत नाही, हे आजकाल फार ऐकू येणारं वाक्य निदान या लोकांच्या बाबतीत खोटं आहे, आणि त्यांना मूर्ख म्हणून हसण्यावारी नेणं हा अन्याय आहे.

उरलेल्यांचं मात्र वेगळं होतं. दाखला प्रसिद्ध झाला त्याच दिवशी कोणीतरी व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरची पीडीएफ ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि जाहीर केलं, की यात अक्षरांचे वेगवेगळे थर आहेत, म्हणजे कागद जोडून बनवलेला आहे. स्कॅन केलेली फाइल लहान करताना सॉफ्टवेअर अक्षरं आणि पार्श्वभूमी अलग करतं, म्हणून असे थर दिसतात. आपल्या कार्यालयातला कोणताही कागद तसा स्कॅन करून कोणालाही हे पडताळता आलं असतं. वडिलांच्या वंशाच्या रकान्यात ‘आफ्रिकन’ असं का लिहिलंय, १९६१ साली सरकार ‘निग्रो’ लिहीत असे, हा दुसरा आक्षेप. तो रकाना पालक सांगतील तसा भरला जाई, आणि केनियातून आलेला तरुण स्वतःला आफ्रिकन म्हणणार नाही तर काय? २०१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ जो अर्पायो यांनी स्वयंसेवकांची टोळी बसवून दाखला बनावट असल्याचं जाहीर केलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये, ओबामा पायउतार व्हायला महिना उरला असताना, तेच पुन्हा पत्रकार परिषद घेऊन सांगितलं.

सगळ्यात मासलेवाईक होती ती शेवटची माघार. ठीक आहे, होनोलुलूत जन्मले असतील, पण ‘नॅचरल बॉर्न’ व्हायला आई आणि वडील दोघंही नागरिक हवेत, असं म्हणत अठराव्या शतकातल्या एका स्विस कायदेपंडिताचा आधार पुढे करण्यात आला. क्षणभर हे मान्य करू. मग इतकी वर्षं केनियाचा घोळ कशाला घातला? ओबामांचे वडील केनियाचे, ही गोष्ट त्यांनी स्वतः १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिलेली होती. तेवढ्यावर ते अपात्र ठरत असतील, तर रुग्णालयाचं नाव, उठावाचा शिक्का आणि पीडीएफचे थर यांची गरजच नव्हती. निष्कर्ष आधी ठरलेला होता आणि त्याला शोभेलसं कारण शोधणं चालू होतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आणि तो निष्कर्ष कोणाबद्दल ठरला? खरोखर परदेशात किंवा सीमेवरच्या जागी जन्मलेले उमेदवार अमेरिकेत झालेत की. २००८ मध्ये ओबामांच्या समोर उभे असलेले जॉन मॅकेन १९३६ साली, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले. तिथे जन्मलेल्या अमेरिकनांच्या मुलांना नागरिकत्व देणारा स्पष्ट कायदा झाला १९३७ मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्मानंतर. घटनातज्ज्ञाला रात्रभर जागवील असा हा पेच होता. सिनेटने काय केलं? एप्रिल २००८ मध्ये, मॅकेन जन्मजात नागरिक आहेत, असा ठराव एकमताने संमत केला. त्या ठरावाच्या सहप्रायोजकांत ओबामाही होते. २०१६ मधले रिपब्लिकन इच्छुक टेड क्रूझ १९७० मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत जन्मले आणि कॅनडाचं नागरिकत्व त्यांनी सोडलं ते २०१४ मध्ये, सिनेटर झाल्यानंतर. १९६८च्या शर्यतीतले जॉर्ज रॉम्नी यांचा जन्म मेक्सिकोतला. यांच्याबद्दल चर्चा झाली, लेख आले, क्रूझ यांच्याविरुद्ध तर ट्रम्प यांनीही तोंडसुख घेतलं. पण यांच्या दारात वर्षानुवर्षं कोणी ठाण मांडून बसलं नाही. ज्यांच्याबाबत कायद्याचा प्रश्न खरा होता ते थोडक्यात सुटले, आणि ज्याच्याबाबत तो नव्हताच त्याची झडती दोन कारकिर्दी चालू राहिली.

याचं उत्तर ‘वर्णद्वेष’ या एका शब्दात द्यायचा मोह होतो. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण चेस्टर आर्थर आडवे येतात. १८८० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वेळी आर्थर हे आयर्लंडमध्ये जन्मल्याचा आरोप वकील आर्थर हिनमन यांनी केला. तो टिकेना, तेव्हा कॅनडात जन्मल्याचा केला. आर्थर जन्मले होते व्हरमाँटमध्ये. ते गोरेच होते, पण बाप आयर्लंडहून आलेला होता, आणि तेव्हाच्या अमेरिकेत आयरिश म्हणजे उपरा. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या हत्येनंतर ते राष्ट्राध्यक्ष झाले, तरी हिनमन थांबले नाहीत. लक्ष्य हलवायची युक्ती तेव्हापासूनची आहे. ज्या काळात जो उपरा मानला जातो, त्याच्या बापाचं गाव शोधलं जातं.

कायद्यानेही या खेळाला नकळत हात दिला. बर्ग यांचा दावा ऑक्टोबर २००८ मध्ये फेटाळला गेला तो ओबामा पात्र आहेत म्हणून नव्हे. एका सामान्य मतदाराचं यात व्यक्तिशः नुकसान काय, तो दावा लावूच शकत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. त्यानंतरचे दावेही बहुतेक अशाच तांत्रिक दारातून बाहेर पडले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं दिसतं? जो तो प्रश्न टाळतोय असंच. घटनेने अट घातली, तपासणारा नेमला नाही, कोर्ट म्हणतं तुमचा संबंध नाही. या पोकळीत संशयाचा धंदा चांगला चालतो. मात्र त्या धंद्याची किंमत भोळ्यांनी मोजली. टेट्झ यांना एका न्यायाधीशाने निरर्थक दाव्यांबद्दल २०,००० डॉलरचा दंड केला, ते एक वेळ सोडा. पण राष्ट्राध्यक्षच वैध नाहीत, असं मानून अफगाणिस्तानात जायचा हुकूम नाकारणाऱ्या एका लष्करी डॉक्टरला डिसेंबर २०१० मध्ये सहा महिन्यांची कैद झाली आणि नोकरीतून बडतर्फी. ज्यांनी त्याच्या कानात हे भरलं, त्यांचे टीव्हीवरचे कार्यक्रम चालूच होते.

माझा खरा राग या चळवळीच्या भाबड्या अनुयायांवर नाही. ज्यांना खोटं आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी ज्यांनी खांदे उडवले, त्यांच्यावर आहे. २०११च्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांना याबद्दल विचारलं गेलं. हवाई राज्याने सांगितलंय, मला ते पुरेसं आहे, असं ते म्हणाले. पण लोकांनी काय मानावं हे सांगणं माझं काम नव्हे, अशी पुस्ती त्यांनी जोडली. कर किती असावा, आरोग्यविमा कसा असावा, कोणतं युद्ध योग्य, हे सगळं लोकांना अखंड सांगणाऱ्या नेत्याला नेमकं इथेच मौन सुचावं? या खांदे उडवण्याचं वजन कळायचं असेल, तर २७ जुलै २००९चं मतदान पाहा. हवाईच्या राज्यत्वाला पन्नास वर्षं झाल्याबद्दलचा तो साधा अभिनंदनाचा ठराव होता. त्यात हवाई ही ओबामांची जन्मभूमी असल्याचा उल्लेख होता. ठराव ३७८ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. त्याच वर्षी जानेवारीत संसदेच्या संयुक्त सभेत इलेक्टोरल, म्हणजे राज्याराज्यांतल्या निर्वाचकांची, मतं मोजली गेली, तेव्हाही एकाही सदस्याने आक्षेप नोंदवला नव्हता. जिथे नावानिशी हात वर करावा लागतो तिथे शंकेखोर एकही नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र ‘लोकांच्या मनात प्रश्न आहेत’.

याच रिपब्लिकन पक्षात वेगळं वागणारेही होते, आणि त्यांनी दाखवलेला मार्ग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई मॅकेन यांना म्हणाल्या, की ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि सांगितलं, नाही बाई, ते एक सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आणि या देशाचे नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मतभेद आहेत इतकंच. (अरब असणं आणि सभ्य असणं यांचा जणू छत्तीसचा आकडा, असा त्या उत्तराचा सूर होता खरा. पण निवडणूक हातची जात असताना स्वतःच्या सभेत स्वतःच्या मतदाराला अडवायला जे लागतं, ते त्यांच्यापाशी होतं.) एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांकडून जन्माचे पुरावे मागणारं विधेयक संमत केलं. लांब दाखला नसेल तर पर्यायी कागदांच्या यादीत बाप्तिस्म्याचा किंवा सुंतेचा दाखलाही होता! रिपब्लिकन गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. ओबामांच्या कट्टर विरोधक होत्या त्या. म्हणूनच त्यांच्या नकाराला वजन होतं. अशा अफवा समोरच्या पक्षाने कितीही खोडून काढल्या तरी त्या मरत नाहीत. स्वपक्षाच्या माणसाने मोडल्या तर निदान लंगड्या होतात.

हे सुख फार टिकलं नाही. त्याच वसंतात डोनाल्ड ट्रम्प टीव्हीवरून सांगत होते, की आपली माणसं हवाईत तपास करताहेत आणि त्यांना जे सापडतंय त्यावर विश्वास बसणार नाही. जे सापडलं ते आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. पण त्या एप्रिलमध्ये काही जनमत चाचण्यांत रिपब्लिकन इच्छुकांत त्यांचं नाव अग्रभागी दिसू लागलं. १६ सप्टेंबर २०१६ रोजी, वॉशिंग्टनमधल्या स्वतःच्या नव्या हॉटेलात, ओबामा अमेरिकेत जन्मले असं त्यांनी एका वाक्यात कबूल केलं आणि हे सगळं क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने सुरू केलं, अशी नवी थाप त्याच दमात मारली. दिलगिरी नाही, खुलासा नाही. दोन महिन्यांत ते निवडून आले. या प्रकरणातून अमेरिकेतल्या राजकारण्यांनी एक हिशेब शिकून घेतला असेल, तर तो हाच : याला काही भुर्दंड पडत नाही.

भुर्दंड पडला तो भलत्यांनाच. लांब दाखल्याच्या प्रती द्यायला मंजुरी देणाऱ्या हवाईच्या आरोग्य संचालक लोरेटा फडी डिसेंबर २०१३ मध्ये एका लहान विमानाच्या अपघातात गेल्या. विमान समुद्रात उतरलं, नऊपैकी आठ जण वाचले, त्या एकट्या वाचल्या नाहीत. झालं! दाखल्याचं गुपित ठाऊक होतं म्हणून त्यांचा काटा काढला, ही कुजबुज लगोलग सुरू. एका सरकारी अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे आपलं काम केलं, त्याची ही परतफेड.

पुढचं सगळ्यांना दिसतंच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कमला हॅरिस यांचं नाव उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी जॉन ईस्टमन या वकिलांचा लेख ‘न्यूजवीक’मध्ये आला. हॅरिस ऑकलंडमध्ये जन्मल्या याबद्दल वाद नव्हता. त्यांच्या जन्माच्या वेळी भारतातून आलेली आई आणि जमैकातून आलेले वडील नागरिक होते का, हा त्यांचा ‘फक्त प्रश्न’ होता. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क हा जन्माने नागरिक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्येच दिला होता. ‘न्यूजवीक’ने नंतर माफी मागितली. २०२०ची निवडणूक उलटवण्याचा कायदेशीर आराखडा ट्रम्प यांना लिहून देणारे वकील हेच ईस्टमन, हे फार आश्चर्याचं नाही. एक माणूस पात्र नाही म्हणायला जे तर्कशास्त्र लागतं, तेच पुढे लाखो मतं वैध नाहीत म्हणायला लागतं. जानेवारी २०२४ मध्ये निकी हेली यांच्याबद्दलही तसाच मजकूर ट्रम्प यांनी पुढे सरकवला. दक्षिण कॅरोलायनात जन्मलेल्या, त्यांच्याच पक्षाच्या, त्यांच्याच मंत्रिमंडळात बसलेल्या हेली. आईवडील पंजाबातून आलेले, एवढंच निमित्त.

मग करायचं काय? ही अटच घटनेतून काढून टाकावी, असं माझं मत आहे. युरोपच्या राजपुत्रांची धास्ती केव्हाच संपली. २००३ मध्ये सिनेटर ऑरिन हॅच यांनी वीस वर्षं नागरिक असलेल्या कोणालाही उभं राहता यावं, अशी घटनादुरुस्ती मांडली होती. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, त्यामुळे तिची बरीच चर्चा झाली. पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची संमती, हे आजच्या अमेरिकेत मिळणं कठीण, आणि ती दुरुस्ती पुढे सरकलीच नाही. तोवर निदान तपासणीचं काम एकाकडे सोपवता येईल. अर्ज भरतानाच प्रत्येक उमेदवाराने, मग तो कोणत्याही वर्णाचा आणि आडनावाचा असो, प्रमाणित दाखला जोडायचा. आक्षेप असेल त्याने ठरावीक मुदतीत नोंदवायचा, आणि एका न्यायालयाने मतदानाआधी गुणवत्तेवर निकाल द्यायचा. एका राज्याने प्रमाणित केलेली नोंद दुसऱ्या राज्याने मानायची, हे घटनेच्या चौथ्या कलमात आधीपासूनच आहे. ओबामांना हा नियम लागू असता, तर जून २००८चा तो साधा दाखलाच पुरला असता, आणि मॅकेन यांचा खरा पेच सिनेटच्या सौजन्याऐवजी कोर्टात सुटला असता.

यावर कोणी म्हणेल, की न मानणारा तरीही मानणार नाही. मान्य. तो १३ टक्क्यांतला माणूस निकालपत्रातही थर शोधील. पण नियम त्याच्यासाठी नाहीच. एप्रिल आणि मे २०११ यांच्या दरम्यान ज्यांनी मत बदललं त्यांच्यासाठी तो आहे, आणि त्यांना तीन वर्षं वाट पाहायला लावायची काहीच गरज नव्हती.